लो, मॉडरेट की हाय: फेडरल प्रणालीची वर्गवारी आणि तिच्यावरून ठरणारे कंट्रोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक प्रॉडक्ट कंपनी संशोधन-अनुदानाचे अर्ज हाताळणारं क्लाउड सॉफ्टवेअर बनवते आणि ते आता अमेरिकेतल्या एका फेडरल खात्याला द्यायचं आहे. खातं म्हणतं, प्रणाली ‘मॉडरेट’ आहे, म्हणजे लो-मॉडरेट-हाय या तीन सुरक्षा-पातळ्यांतली मधली. कंपनीच्या व्यवस्थापनाला ‘लो’ हवंय, कारण लोमध्ये कंट्रोल, म्हणजे लागू करायचे सुरक्षेचे उपाय, जवळजवळ निम्मे होतात. तेव्हा वर्गवारी नेमकी कशी ठरते, ती ठरल्यावर यादीतला प्रत्येक कंट्रोल लागू करावाच लागतो का, आणि पुण्यात बसलेल्या सपोर्ट टीमचं काय?

मी बरीच वर्षं वॉशिंग्टनच्या आसपास फेडरल प्रणालींच्या सुरक्षा-मूल्यांकनाचं काम करतो आहे. हा वाद मी बऱ्याच बैठकांत ऐकला आहे, आणि दर वेळी तो चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कंट्रोल किती करावे लागतील यावरून वर्गवारी ठरवायची नसते. ती ठरते ती माहिती फुटली, बिघडली किंवा वेळेवर मिळाली नाही तर खात्याचं आणि माणसांचं काय नुकसान होईल यावरून. खर्चाचा विचार जरूर करायचा, पण त्याची जागा पुढे आहे आणि तिथे त्याला भरपूर वाव आहे.

आधी कागदपत्रांचा क्रम सांगतो, कारण नवख्या टीम थेट ८००-५३ उघडतात आणि त्या हजारभर नोंदींत हरवतात. मूळ कायदा २००२चा फिस्मा, म्हणजे फेडरल माहिती-सुरक्षेचा कायदा, जो २०१४मध्ये सुधारला गेला. त्याच्या आधारे निस्टने, म्हणजे अमेरिकेच्या मानक-संस्थेने, फेब्रुवारी २००४मध्ये फिप्स १९९ हे मानक काढलं. नुकसान कसं मोजायचं ते त्यात आहे. मार्च २००६च्या फिप्स २००ने सांगितलं की त्या मापावरून प्रणालीची एकच पातळी काढा आणि तिला जुळणारी बेसलाइन, म्हणजे कंट्रोलची ठरलेली यादी, घ्या. कोणत्या प्रकारच्या माहितीला साधारण कोणती पातळी शोभते याची सूची निस्टच्या एसपी ८००-६० या मार्गदर्शिकेत आहे. कंट्रोलचा कोश म्हणजे एसपी ८००-५३. त्याची पाचवी आवृत्ती सप्टेंबर २०२०ची, आणि त्यातले कोणते कंट्रोल कोणत्या बेसलाइनमध्ये मोडतात ते पुढच्याच महिन्यात आलेल्या ८००-५३बीमध्ये. वाचायचंही याच क्रमाने. फिप्स १९९ अगदी छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं. ते न वाचताच वर्गवारीच्या फॉर्मवर सह्या करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

फिप्स १९९ तीन बाजू स्वतंत्रपणे तपासायला सांगतं: गोपनीयता, अखंडता (माहिती कोणी बिघडवलेली नसणं) आणि उपलब्धता. प्रत्येक बाजूला तीनपैकी एक पातळी द्यायची. नुकसान मर्यादित असेल तर लो. गंभीर असेल तर मॉडरेट, म्हणजे खात्याचं मुख्य काम चालू राहतं पण त्याची परिणामकारकता बरीच घटते, किंवा लोकांना मोठी इजा पोहोचते पण जिवावर बेतत नाही. खातं आपलं एखादं मुख्य कामच करू शकणार नाही, पैशाचं प्रचंड नुकसान होईल किंवा माणसं दगावतील, तर हाय.

यात शक्यतेचा हिशेब नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘आमचा डेटाबेस एन्क्रिप्टेड आहे, तेव्हा गोपनीयता लो’ असं वाक्य तुमच्या मसुद्यात असेल तर ते काढून टाका. घटना घडली असं धरून परिणाम मोजायचा. ती घडण्याची शक्यता किती आणि तुमचं एन्क्रिप्शन ती किती कमी करतं, हा जोखीम-मूल्यांकनाचा भाग आहे आणि ते नंतर येतं. दोन्ही एकत्र केले तर गोल फिरत बसाल: कंट्रोल आहेत म्हणून पातळी लो, आणि पातळी लो म्हणून ते कंट्रोल काढून टाकले.

आता तुमची प्रणाली घेऊ. ‘अनुदानाचा डेटा’ असा एकच गठ्ठा करू नका, माहितीचे प्रकार वेगळे काढा.

जाहीर सूचना आणि अंतिम तारखा सगळ्यांसाठी खुल्या असतात, म्हणून गोपनीयता लागूच नाही. पण कोणी तारीख बदलून आठवडाभर पुढची दाखवली तर शेकडो अर्जदारांची संधी जाईल आणि खात्यावर तक्रारींचा पाऊस पडेल. म्हणून अखंडता मॉडरेट. फिप्स १९९मधल्या उदाहरणांतही सार्वजनिक वेबसर्व्हरची गोपनीयता ‘लागू नाही’ आणि अखंडता मॉडरेट दाखवली आहे.

छाननीत असलेले अर्ज ही तुमच्याकडची सगळ्यात नाजूक गोष्ट. त्यात संशोधकाच्या अजून कुठेही न छापलेल्या कल्पना असतात, पगाराचे आकडे असतात, जन्मतारखा असतात. अनुदान मंजूर झाल्यावर सारांश आणि रक्कम जाहीर होते, तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, ‘शेवटी सगळं पब्लिकच होणार ना?’ नाही. नाकारलेले अर्ज कधीच जाहीर होत नाहीत, आणि मंजूर होणाऱ्यांचं गुपितही निर्णयापर्यंत राखावंच लागतं. माहितीच्या आयुष्यात तिची किंमत वरखाली होते. ती तुमच्या प्रणालीत असताना ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त असते, तो टप्पा धरायचा. गोपनीयता मॉडरेट.

परीक्षकांची नावं आणि गुण. नावं फुटली तर पुढच्या वर्षी परीक्षक मिळणं अवघड. गुण बदलले गेले तर पैसा चुकीच्या हातात जातो आणि पूर्ण फेरीवर प्रश्नचिन्ह लागतं. दोन्ही बाजू मॉडरेट. अर्जदार संस्थेचा बँक खातेक्रमांक तुमच्याकडे साठत असेल तर त्याची अखंडताही तशीच, कारण एक क्रमांक बदलला की हप्ता दुसरीकडे जमा होतो.

उपलब्धतेवर मात्र खात्याच्या अनुदान विभागातल्या लोकांशी बसून बोला. प्रणाली दोन दिवस बंद पडली तर तुम्ही काय करता, हा प्रश्न तुमच्या आर्किटेक्टला विचारून उपयोग नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मुदत वाढवतो, संकेतस्थळावर सूचना टाकतो.’ तसं असेल तर लो ही पातळी समर्थनीय आहे. पण हेच खातं वादळ किंवा पुरानंतरचं तातडीचं अनुदानही याच प्रणालीतून वाटणार असेल तर उत्तर बदलेल. म्हणून कोणती अनुदानं, हे लिहूनच घ्या.

हिशेब झाला: गोपनीयता मॉडरेट, अखंडता मॉडरेट, उपलब्धता लो. फिप्स २००च्या नियमाने तिघांतली सर्वांत वरची पातळी ती प्रणालीची पातळी. यालाच सगळे हाय वॉटर मार्क म्हणतात. तेव्हा प्रणाली मॉडरेट, खात्याचं बरोबर आहे. लोला जागाच नाही, कारण तिथे पोहोचायला कोणत्याही प्रकाराची एकही बाजू लोच्या वर असून चालत नाही.

तुमच्या व्यवस्थापनाने बहुधा फेडरॅम्पच्या, म्हणजे फेडरल खात्यांना लागणाऱ्या क्लाउड सेवांना मान्यता देणाऱ्या कार्यक्रमाच्या, ‘एलआय-सास’ या सोप्या वाटेबद्दल ऐकलं असेल. ती लो पातळीच्या अशा सेवांसाठी आहे ज्या लॉगिनपुरतं नाव, पासवर्ड, ईमेल यापलीकडे वैयक्तिक माहिती साठवत नाहीत. अर्जदारांच्या जन्मतारखा ठेवणारी प्रणाली त्यात बसत नाही.

दोन गोष्टी या साध्या बेरजेतून निसटतात.

पहिली म्हणजे माहितीचा साठा. २०१५मध्ये अमेरिकेच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून, म्हणजे ओपीएममधून, पार्श्वभूमी-तपासणीचे सुमारे २ कोटी १५ लाख लोकांचे तपशील चोरीला गेल्याचं जाहीर झालं. त्यात ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसेही होते. ही तपासणी एसएफ-८६ या फॉर्मवरून होते. माणूस कुठे कुठे राहिला, नातेवाईक कोण, परदेशात ओळखी कोणाशी, कर्ज किती, सगळं त्यात भरावं लागतं. असा एक फॉर्म फुटला तर त्या एका माणसाचं गंभीर नुकसान होतं. पण कोट्यवधी फॉर्म एकत्र मिळाले की परदेशी गुप्तहेर संस्थेच्या हाती सरकारी नोकरवर्गाचा नकाशाच येतो, आणि ठसे पासवर्डसारखे बदलताही येत नाहीत. एकेका नोंदीची पातळी लावून मग थांबायचं नाही. ‘हे सगळं एका रात्रीत एकाच माणसाच्या हाती लागलं तर?’ हा प्रश्न वेगळा विचारायचा. तुमच्याबाबतीत तो असा होईल: संवेदनशील तंत्रज्ञानावरचे सगळे अप्रकाशित अर्ज एकत्र गेले तर? खात्याचं क्षेत्र संरक्षणाला जवळचं असेल तर मॉडरेटवरही समाधान मानू नका.

दुसरी म्हणजे प्रणालीची स्वतःची माहिती: पासवर्ड, किल्ल्या, नेटवर्कची रचना. फिप्स १९९मध्ये वीजकेंद्राचं एक सुंदर उदाहरण आहे. सेन्सरकडून येणाऱ्या आकड्यांना गोपनीयता लागू नाही, पण अखंडता आणि उपलब्धता हाय. त्याच प्रणालीतली प्रशासकीय माहिती तिन्ही बाजूंनी लो. बेरीज केली तर प्रणालीची गोपनीयता लो येते. पण केंद्राचं व्यवस्थापन ती मॉडरेट करतं, कारण प्रणाली कशी चालते हेच बाहेर पडलं तर त्याचा परिणाम सेन्सरच्या आकड्यांपेक्षा मोठा असेल. सूचीतल्या पातळ्या तात्पुरत्या असतात. वर किंवा खाली नेण्याचा अधिकार तुम्हाला आहे, फक्त कारण लिहावं लागतं. ८००-६०मधली पातळी जशीच्या तशी उचललेली आणि कारणाचा रकाना रिकामा, असा फॉर्म मी परत पाठवतो.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्यापुढे येणारच आहे. एखाद्या छोट्या भागामुळे सगळी प्रणाली वर ढकलली जात असेल तर तो भाग वेगळा करता येतो का? येतो. बँक खातेक्रमांक तुमच्याकडे न ठेवता खात्याच्या पेमेंट प्रणालीत ठेवले तर तुमचं ओझं खरोखर कमी होतं. पण वेगळं करणं म्हणजे वेगळं नेटवर्क, वेगळी खाती, वेगळे प्रशासक. आकृतीत तुटक रेघ मारून भागत नाही. आणि दोन्ही भाग एकाच लॉगिन सेवेवर उभे असतील तर ती सेवा वरच्या पातळीचीच राहते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरी मेहनत इथे आहे. ८००-५३बीमध्ये मूळ कंट्रोलना जोडलेल्या वाढीव अटीही (एन्हान्समेंट) धरून लो बेसलाइनमध्ये १४९, मॉडरेटमध्ये २८७ आणि हायमध्ये ३७० नोंदी आहेत. या यादीला बेसलाइन म्हणतात याचा अर्थ ती सुरुवात आहे. तुमच्या प्रणालीला ती बसवून घ्यायची असते. तेच टेलरिंग, आणि पाचव्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र कंट्रोलच आहे: बेसलाइन निवडण्यासाठी पीएल-१०, ती बसवून घेण्यासाठी पीएल-११. म्हणजे टेलरिंग केलंच नाही तर तोही दोष ठरतो.

इथे मला सर्वांत आग्रहाने सांगायचंय ते हे: हाय वॉटर मार्क काढून झाल्यावर तिन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या पातळ्या फेकून देऊ नका. बहुतेक टीम ‘मॉडरेट’ हा शब्द मुखपृष्ठावर लिहितात आणि मॉडरेट-मॉडरेट-लो कुठेतरी परिशिष्टात गाडतात. मग उपलब्धता लो असूनही पर्यायी डेटा सेंटरवर पैसे खर्च होतात, आणि जिथे अखंडतेची काळजी घ्यायला हवी होती तिथे बजेट उरत नाही. ८००-५३बी स्पष्ट सांगतं की एखादा कंट्रोल फक्त एकाच बाजूचं रक्षण करत असेल आणि त्या बाजूची मूळ पातळी खालची असेल, तर तो खालच्या बेसलाइनप्रमाणे घेता येतो. अटी आहेत: जोखीम-मूल्यांकनाचा आधार हवा, आणि सुरक्षेशी संबंधित माहितीच्या रक्षणाला धक्का लागता कामा नये. सीपी-६ म्हणजे पर्यायी साठवण, सीपी-७ म्हणजे पर्यायी प्रक्रिया-स्थळ, सीपी-८ म्हणजे दूरसंचाराची पर्यायी व्यवस्था, पीई-११ म्हणजे आणीबाणीची वीज. हे चारही मॉडरेटमध्ये येतात, लोमध्ये नाहीत, आणि चारही मुख्यतः उपलब्धतेसाठी आहेत. तुमचा युक्तिवाद इथेच मांडायचा. सीपी-९ म्हणजे बॅकअपला मात्र हात लावू नका. तो लोमध्येही आहे, आणि बिघडवलेली माहिती पूर्ववत करायला तोच लागतो.

राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रणालींसाठीची सूचना, सीएनएसएसआय १२५३, तर हाय वॉटर मार्क वापरतच नाही. तिथे तिन्ही बाजू शेवटपर्यंत वेगळ्या राहतात. मला ती पद्धत जास्त पटते.

पण तुमच्यासाठी एक मोठी अडचण आहे. सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, म्हणून ते फेडरॅम्पमधून जाणार. २०११पासून चालणाऱ्या आणि डिसेंबर २०२२मध्ये कायद्यात आलेल्या या कार्यक्रमाच्या बेसलाइन निस्टच्या बेसलाइनवर बेतलेल्या, पण वाढवलेल्या आहेत: पाचव्या आवृत्तीनुसार लोसाठी १५६, मॉडरेटसाठी ३२३, हायसाठी ४१०. एकदा दिलेली मान्यता इतर खात्यांनीही वापरावी हा तिचा हेतू असल्याने पुरवठादाराला काटछाट करायला वाव फार कमी मिळतो. ‘लागू नाही’ म्हणायचं तर तंत्रज्ञानाचं ठोस कारण हवं. उदाहरणार्थ, प्रणालीत वायरलेस नाहीच. ‘आमच्या या ग्राहकाला उपलब्धता लो चालते’ हे कारण तिथे टिकत नाही, कारण पुढच्या ग्राहकाला ती चालेलच असं नाही. चांगली गोष्ट अशी की मान्यताप्राप्त क्लाउडवर उभे असाल तर इमारत, वीज, पहारा हे पीई कुटुंबातले बहुतेक कंट्रोल त्या पुरवठादाराकडून वारशाने मिळतात. फक्त त्याची जबाबदारी-वाटणीची तक्ता-पुस्तिका ओळ न् ओळ वाचा. ‘वारशाने’ असं लिहिलेल्या बऱ्याच कंट्रोलमध्ये अर्धं काम ग्राहकाकडे, म्हणजे तुमच्याकडे असतं.

काटछाटीपेक्षा जास्त फरक पडतो तो रिकाम्या जागा भरण्यात. एसी-७ घ्या: लागोपाठ किती चुकीचे लॉगिन चालतील, किती वेळात, आणि मर्यादा ओलांडली की काय करायचं. आकडे संस्थेने ठरवायचे असतात. फेडरॅम्पने एखादा आकडा बांधून दिला असेल तर तोच घ्यायचा, पण जिथे मोकळीक आहे तिथे लोक जुन्या फाइलमधला आकडा चिकटवतात. आता अर्जाच्या शेवटच्या रात्रीची कल्पना करा. वर्षातून एकदाच लॉगिन करणारे प्राध्यापक पासवर्ड विसरलेले आहेत. ‘प्रशासकाने उघडेपर्यंत खातं बंद’ असं ठरवलं असेल तर रात्री अकराला हेल्पडेस्कचा फोन लागणार नाही आणि अर्ज राहून जातील. ठरावीक मिनिटांनी आपोआप उघडणारं बंधन किंवा पुढच्या प्रयत्नाला वाढता विलंब, हे अर्जदारांसाठी पुरेसं आहे. गुण बदलू शकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि प्रशासकांच्या खात्यांना मात्र कडक बंधन ठेवा. एकाच कंट्रोलमध्ये तीन प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी तीन नियम लिहिलेले दिसले की मूल्यांकन करणाऱ्याला कळतं, कोणीतरी विचार केला आहे.

अर्जदारांची वैयक्तिक माहिती असल्याने ८००-५३बीमधली खासगीपणाची बेसलाइनही लागू होते. ती लो-मॉडरेट-हायवर अवलंबून नाही. आणि ‘वैयक्तिक माहिती आली की आपोआप मॉडरेट’ असा नियम मात्र कुठेही नाही. २०१०च्या एसपी ८००-१२२मध्ये निकष दिले आहेत: माणूस किती सहज ओळखता येतो, नोंदी किती, कोणते रकाने, वापर कशासाठी. ते लावून दाखवा.

राहिली पुण्याची टीम. फेडरॅम्पच्या बेसलाइनमध्ये अमेरिकी नागरिकत्वाची सरसकट अट नाही. पण खातं करारात ती घालू शकतं आणि पुष्कळदा घालतं, म्हणून करार आधी वाचा. अट नसली तरी पीएस-२ आणि पीएस-३ प्रमाणे प्रत्येक पदाची जोखीम ठरवून माणसांची पडताळणी करावी लागते, आणि ती खात्याला मान्य व्हायला हवी. माझा सल्ला असा: उत्पादन-पर्यावरणाला, म्हणजे खऱ्या माहितीवर चालणाऱ्या प्रणालीला, हात लावणारी माणसं अमेरिकेत ठेवा. पुण्याच्या टीमने कोड लिहावा आणि बनावट माहितीवर चाचण्या घ्याव्यात. मूल्यांकनात सापडणारी फट बहुतेक वेळा सर्व्हरवर नसते, ती तिकीट प्रणालीत, म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, असते. अर्जदार अडकतो, अमेरिकेतला सहकारी स्क्रीनशॉट काढतो आणि कंपनीच्या नेहमीच्या तिकिटात जोडून पुण्याला पाठवतो. त्या चित्रात कोणाची तरी जन्मतारीख आणि न छापलेला प्रस्ताव असतो, आणि ती माहिती त्या क्षणी मान्यता मिळालेल्या प्रणालीच्या सीमेबाहेर गेलेली असते. लॉगच्या फाइलींचं आणि क्रॅश रिपोर्टचंही तसंच. हे थांबवायला तिकिटं सीमेच्या आतच ठेवावी लागतील, किंवा जोडपत्रं बाहेर जाण्याआधी साफ करणारी व्यवस्था बांधावी लागेल. खात्याशी पुढची बैठक होण्याआधी गेल्या काही महिन्यांतली तुमची तिकिटं स्वतः उघडून पाहा. तुमची सीमा कुठे आखायची याचं उत्तर तुम्हाला तिथे मिळेल.